जुलैच्या दमट हवेत कार्टूनचे कपकेक: चेहरे टिकवायचे कसे?

पार्ल्याची लेक यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या मुलाचा पाचवा वाढदिवस जुलैच्या मध्यावर आहे आणि तो आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा वाजता करायचे ठरले आहे. हॉलला एसी नाही, पंखे आहेत, आणि पाऊस तिरका येऊ लागला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तीसेक मुले येतील. एकच मोठा केक कापून वाटण्यापेक्षा प्रत्येकाला आपापला कपकेक मिळावा आणि त्यावर कार्टूनमधल्या पात्राचा चेहरा असावा, असा चिरंजीवांचा हट्ट आहे. त्यांची पहिली पसंती डोरेमॉनला, दुसरी छोटा भीमला. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून बेडूक आणि खेकडे यांचीही यादीत भर पडली आहे.

साधे कपकेक मला बऱ्यापैकी जमतात. बारा साच्यांचा एक ट्रे मावेल एवढा ओटीजी घरी आहे. सोसायटीत जैन कुटुंबे बरीच असल्यामुळे सगळेच अंड्याशिवाय करायचे आहे. खरी अडचण सजावटीची आहे. गेल्या पावसाळ्यात एका वाढदिवसाला बाहेरून मागवलेल्या कपकेकवरचे फॉन्डंटचे, म्हणजे मळलेल्या साखरेचे, चेहरे मेणबत्ती पेटेपर्यंत घामाघूम झाले होते आणि एकाचे डोळे तर हनुवटीपर्यंत उतरले होते. मुलांना त्याची गंमत वाटली, पण ज्या आईने हौसेने मागवले होते तिचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणून विचारते, की फॉन्डंट, बटरक्रीम आणि व्हिप्ड क्रीम यांपैकी मुंबईच्या या दिवसांत काय टिकते, ज्याला चित्रकला येत नाही अशा माणसाने एकसारखे तीस चेहरे कसे काढावेत, आणि यातले किती काम आधी उरकून ठेवता येते?


ओव्हनवाली काकू

पार्लेकर ताई, आधी हवेचा हिशेब मांडू या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, जी जुलैतल्या मुंबईत अगदी नेहमीची स्थिती आहे, तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर येतो. याचा अर्थ असा, की २७ अंशांपेक्षा थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत आणली की तिच्यावर पाणी धरते. फ्रिजमधल्या डब्याचे तर सोडाच, एसीच्या खोलीत २४ अंशांवर ठेवलेला कपकेकही हॉलमध्ये नेल्याबरोबर ओलसर होतो. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, आणि साखर हे पाणी ओढून घेते. त्यामुळे चेहरा आधी चकाकतो, मग चिकट होतो आणि शेवटी घसरतो. आपण पाहिलेले डोळे याच वाटेने हनुवटीपर्यंत गेले असणार.

बटरक्रीमचे दुखणे वेगळे आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते आकार सोडू लागते, आणि तीस मुलांनी भरलेला, खिडक्या लावलेला हॉल त्या तापमानाच्या फारसा मागे नसतो. बहुतेक केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम लोण्यापेक्षा थोडा अधिक वेळ तग धरते, मात्र त्यावर रंगीत आकार ठेवला की रंग क्रीममध्ये पाझरतो. शिवाय ते फ्रिजमध्येच ठेवावे लागत असल्याने दवाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जुलैमध्ये चेहरा कंपाउंड चॉकलेटचा करावा आणि त्याखाली गनाशचा, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेल्या चॉकलेटचा, पातळ थर द्यावा. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, त्यामुळे त्याला टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांवर तापवून गार करण्याचा खटाटोप, लागत नाही आणि आपल्याकडच्या उकाड्यात ते आकारही धरून ठेवते. चवीला त्याला खऱ्या चॉकलेटची सर नाही, हे मान्य आहे, पण पाच वर्षांच्या मुलांकडून तशी तक्रार येत नाही. येते ती त्यांच्या बाबांकडून. गनाशसाठी पांढरे कंपाउंड आणि क्रीम वजनाने तीनास एक घ्यावे, डार्क असेल तर दोनास एक पुरते. अमूलचे २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम यासाठी उत्तम चालते. ते कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवायचे, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचे, दोन मिनिटे अजिबात हात लावायचा नाही, आणि मग मध्यापासून बाहेरच्या बाजूला हलके ढवळत जायचे. रात्रभर झाकून ठेवले की ते लोण्यासारखे पसरते.

आता कपकेक. चेहरा बसवायचा असेल तर माथा सपाट हवा, आणि इथेच नेहमीच्या पद्धतीत थोडा बदल करावा लागतो. १८० अंशांवर कडा लवकर धरतात आणि मधले पीठ वर उसळून घुमट होतो. त्याऐवजी १६० ते १६५ अंशांवर २२ ते २५ मिनिटे भाजावे आणि पेपर कप निम्म्यापेक्षा किंचितच जास्त भरावेत. अंड्याशिवायच्या बारा कपकेकसाठी एक कप ताजे घट्ट दही आणि पाऊण कप साखर एकत्र फेटावी, साखर विरघळली की सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटे थांबावे. मिश्रण फसफसून वर आले की अर्धा कप तेल, छोटा चमचा व्हॅनिला आणि शेवटी चाळलेला दीड कप मैदा दोन-तीन वेळा विभागून मिसळावा. आपल्याला तीन घाणे लागतील. ते तिन्ही एकदम कालवून ठेवू नयेत, कारण सोड्याचा जोर पहिला ट्रे भाजून होईपर्यंत ओसरतो आणि तिसरा ट्रे बसका निघतो. प्रत्येक घाण्याचे पीठ ट्रे आत जाण्याच्या वेळीच कालवावे.

आणखी एक गोष्ट. गरम कपकेक साच्यात किंवा बंद डब्यात राहिले की वाफ कोंडते आणि पेपर कप सुटून येतात. पाच मिनिटांत ते जाळीवर काढावेत आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये.


रंगखडू

मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे काकूंच्या क्षेत्रात लुडबुड न करता फक्त चेहऱ्यांविषयी लिहितो.

कपकेकच्या माथ्यावर आपल्याला साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ मिळते. एवढ्या जागेत पात्राचे पूर्ण चित्र काढायला जाणे हा व्यर्थ खटाटोप आहे आणि त्याची गरजही नसते. मुले पात्र ओळखतात ते दोन-तीन खुणांवरून. डोरेमॉन आपल्याला फार सोयीचा आहे, कारण त्याला कानच नाहीत. गोल कपकेक हेच त्याचे अर्धे डोके झाले. बाहेर निळे कडे, आत पांढरा चेहरा, वरच्या बाजूला एकमेकांना चिकटलेले दोन लंबगोल डोळे, त्यांच्या खाली लाल नाक, नाकापासून खाली एक रेघ, तिला जोडणारे रुंद हसू आणि दोन्ही गालांवर तीन-तीन मिशा. यातले डोळे चिकटलेले नसतील तर तो कोणतेही मांजर होतो, आणि चिकटलेले असतील तर मिशा वाकड्या झाल्या तरी कोणी हरकत घेत नाही.

छोटा भीम मात्र काढू नये, असे मी सुचवेन. माणसाचा चेहरा या आकारात नवख्या हाताला साधत नाही. भुवई एक मिलिमीटर सरकली की भीम रागावलेला दिसतो किंवा आजारी. त्याऐवजी केशरी रंगाचे गनाश पसरून मधोमध गोटीएवढा बेसनाचा किंवा मोतीचुराचा लाडू ठेवा. भीमाचे लाडूप्रेम ठाऊक नसलेले मूल आपल्या हॉलमध्ये सापडणार नाही. बेडकाचे डोळे वर्तुळाच्या आत काढू नका, ते वरच्या कडेवर अर्धे बाहेर आलेले बसवा; तेवढ्यानेच हिरवी चकती बेडूक होते. खेकड्याला केशरी-लाल चकती, उभे डोळे आणि अर्धचंद्राकृती तोडलेल्या बिस्किटाच्या दोन नांग्या पुरतात.

डोळ्यांच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरगुती कपकेकचे चेहरे बिघडतात ते इथेच. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये असे मांडले, की मोठे कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल आणि लहान नाक-तोंड ही बाळाच्या चेहऱ्याची ठेवण पाहिली की माणसाच्या मनात आपोआप माया दाटते. कार्टूनचे चित्रकार हीच ठेवण सर्रास वापरतात. बेडूक किंवा डोरेमॉनसारखी ठरलेली रचना नसेल, म्हणजे वाघ, अस्वल, घुबड असे आपल्या मनाचे पात्र असेल, तर वर्तुळाच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पावी आणि डोळे त्या रेघेवर किंवा किंचित खाली, एकमेकांपासून लांब बसवावेत. नाक आणि तोंड त्यांच्या अगदी जवळ घ्यावे. नवखा हात नेमके उलट करतो: डोळे कपाळात, तोंड हनुवटीवर, आणि मधल्या मोकळ्या मैदानामुळे वाघ चाळिशीतला दिसू लागतो.

तीस चेहरे एकसारखे यावेत यासाठी हाताने काढायचेच नाहीत, गिरवायचे. कागदावर पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात एक चेहरा काढा किंवा छापून घ्या, त्याच्या प्रती एका पानावर ओळीने मांडा आणि वर पारदर्शक प्लास्टिकची शीट चिकटवा. पातळ प्लास्टिकचा, मेंदीचा कोन वळतात तसाच कोन वळून त्यात वितळवलेले डार्क कंपाउंड भरा आणि टोक सुईएवढे कापा. आधी सर्व काळ्या रेघा गिरवा. त्या धरल्या की डोळ्यांचे पांढरे आणि नाकाचे लाल भरा, तेही धरू द्या, आणि सर्वांत शेवटी चेहऱ्याचा मुख्य रंग सगळ्यावरून तीन मिलिमीटर जाडीत ओता. ट्रे हलकेच आपटला की हवेचे बुडबुडे वर येतात. चकती उलटी केली की शीटला चिकटलेली गुळगुळीत बाजू दर्शनी होते. याचाच अर्थ चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. डोरेमॉनला फरक पडत नाही, पण चकतीवर मुलाचे नाव किंवा ‘५’ लिहिणार असाल तर तो मजकूर कागदावर उलटा छापलेला हवा.


साखरबाहुली

काकूंचा हिशेब बिनचूक आहे, तरी फॉन्डंटला इतके वाळीत टाकू नये, असे मला वाटते. चॉकलेटची चकती सपाट असते. बेडकाचे फुगीर डोळे, खेकड्याची नांगी किंवा छत्री घेतलेली गोगलगाय फॉन्डंटमध्येच खुलते. पावसाळ्यात त्याचे ओले आवरण करू नये, एवढेच पथ्य आहे. त्याचे छोटे सुटे आकार करावेत आणि ते आधीच कडक वाळवावेत.

अडीचशे ग्रॅम फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी पावडर (खाण्याच्या डिंकासारखी असते) मळली की ते वाळून टणक होते. पोळपाटावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून दोन-तीन मिलिमीटर जाड लाटावे. महागड्या कटरच्या मागे लागण्याचे काहीच कारण नाही: स्टीलच्या डबीचे झाकण गोल कापते, शंकरपाळ्याचे कातणे खेकड्याच्या कवचाला नक्षीदार कड देते, आणि सरबताची नळी टोकाशी उभी चिरून अर्धी केली की तिने दाबलेली खूण हुबेहूब हसणाऱ्या तोंडासारखी उमटते. आकार एसीच्या खोलीत दोन-तीन दिवस वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पुड्या आकारांना लागू देऊ नयेत आणि मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. फ्रिज वर्ज्य. कपकेकवर ते हॉलमध्ये पोहोचल्यावरच बसवावेत, आणि तेही गनाशवर, क्रीमवर कधीच नाही.

जैन पाहुण्यांसाठी मात्र विकतच्या फॉन्डंटचे वेष्टन नीट वाचा. काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असते, मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांमध्ये तर ते सहसा असतेच, आणि मरांग पावडर म्हणजे अंड्याचा पांढरा भागच. हिरव्या ठिपक्यावर थांबू नका, कारण मधाला हिरवा ठिपका मिळतो, पण काटेकोर जैन घरांत मध चालत नाही.


पार्ल्याची लेक

सर्वांचे मनापासून आभार. डोरेमॉन चॉकलेटचा, भीम लाडवाचा आणि बेडकाचे डोळे फॉन्डंटचे, असे ठरवते आहे. खेकडे वेळ उरला तर. आता प्रश्न रंगांचा. घरात पाण्यात कालवलेल्या रंगांच्या छोट्या बाटल्या आहेत. त्या चॉकलेटमध्ये चालतील का? सासूबाईंचे म्हणणे आहे, की मुलांसाठी रंग घरगुतीच हवेत, आणि मला ते पटतेही, पण डोरेमॉनचा निळा घरात आणायचा कुठून? शिवाय साहित्य एकाच फेरीत कुठे मिळेल आणि कामांचा क्रम कसा लावावा, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.


पृथक्करण

खाद्यपदार्थांच्या तपासणीशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून रंगांपुरते उत्तर देतो.

पाण्यातला रंग वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालू नका. थेंबभर पाणीही चॉकलेटमधल्या साखरेला आणि कोकोच्या कणांना एकत्र खेचते आणि गुळगुळीत मिश्रणाचा क्षणात रवाळ गोळा होतो. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात, तेच घ्यावेत. गनाशमध्ये क्रीममुळे पाण्याचा अंश मुळातच असतो, तिथे नेहमीचा जेल रंग चालतो.

भारतात खाद्यपदार्थांसाठी मोजक्याच आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: लाल छटेसाठी पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यासाठी टारट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यासाठी इंडिगो कारमाइन आणि ब्रिलियंट ब्लू, हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. ज्या पदार्थांत ते चालतात, त्यांतही बहुतेकांत मर्यादा दशलक्षास १०० भाग, म्हणजे किलोभर तयार पदार्थात एक दशांश ग्रॅम. बाटलीवर रंगाचे नाव आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तर ती परत ठेवावी. हा धाक उगाच घालत नाही: कापसाच्या मिठाईत, म्हणजे म्हातारीच्या केसांत, ऱ्होडामिन बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यामुळे तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली होती. चमकीच्या डब्यांवर नुसते ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असेल, तर ती शोभेची असते, खाण्याची नसते. खाण्याच्या चमकीवर ‘एडिबल’ असा शब्द आणि घटकांची यादी असते.

सासूबाईंच्या आग्रहात तथ्य आहे. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४ आर हे आपल्याकडे चालणारे चार रंग ज्या पदार्थात असतील, त्यावर युरोपीय संघात जुलै २०१० पासून मुलांच्या चंचलतेबद्दल आणि एकाग्रतेबद्दल इशारा छापावा लागतो. एका कपकेकने काही बिघडेल असे मी म्हणत नाही. पण भडक लाल किंवा काळा साधण्यासाठी लोक रंग ओततच राहतात आणि मग कपकेक कडू लागतो व मुलांच्या जिभा दुसऱ्या दिवशीपर्यंत रंगलेल्या राहतात. काळ्यासाठी रंग लागतच नाही, डार्क कंपाउंड पुरते. लाल फक्त नाकापुरता आणि भीमाच्या केशरीपुरता ठेवा.

निळ्यासाठी गोकर्णाची फुले वापरता येतील. वाळवलेली फुले गरम क्रीममध्ये दहा मिनिटे भिजवून, गाळून, त्याच क्रीमचे पांढरे गनाश करावे. फुले थोडे क्रीम पितात, म्हणून गाळल्यावर पुन्हा वजन करून घ्यावे. लिंबाचा किंवा अन्य आंबट पदार्थाचा स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर निळ्याचा जांभळा होतो. पांढरे चॉकलेट प्रत्यक्षात पिवळसर असते आणि त्यात निळा मिसळला की छटा हिरवट होते. सुईच्या टोकावर मावेल एवढा जांभळा रंग आधी घातला की पिवळेपणा मरतो आणि मग निळा निळाच दिसतो. तरीही हा निळा टीव्हीवरच्या निळ्याइतका झगझगीत होणार नाही, याची मुलाला आधी कल्पना द्यावी. भीमाच्या केशरीसाठी हळदीची चिमूट आणि थोडा लाल रंग पुरेसा आहे. हळद तेलात उतरते, त्यामुळे ती कोरडीच चॉकलेटमध्येही चालते. मात्र ती कपकेकच्या पिठात घालू नका: सोड्याच्या संगतीत हळद लालसर होते आणि पिवळ्याऐवजी विटकरी ठिपके उमटतात.


दोन वांडांचा बाप

पाच वर्षांच्या मुलांबरोबर त्यांची दीड-दोन वर्षांची भावंडेही येतात, हे कोणी लिहिले नाही. चेहरा टेकवण्यासाठी आत टूथपिक खोचू नका. चांदीच्या कडक गोळ्या, अख्खे काजू-बदाम आणि मोठ्या गोल गोळ्या घशात अडकू शकतात, म्हणून डोळ्यांसाठी चपटे चॉकलेट चिप्सच वापरा. भीमाचा लाडू मऊ आणि सहज फुटणारा हवा. पाच-सहा कपकेक काहीही न सजवता ठेवलेत तर त्या लहानग्यांची सोय होते. आणि दाण्याची किंवा काजूची ॲलर्जी कोणाला आहे का, हे निमंत्रणाच्या संदेशातच विचारून घ्या.


ओव्हनवाली काकू

साखरबाहुली यांचे सुट्या आकारांबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. माझा आक्षेप पूर्ण आवरणाला होता आणि तो कायम आहे. गोकर्णाबद्दल मात्र थोडा मतभेद नोंदवते. निळे गनाश सुंदर दिसते, पण चकतीवरचे कडे त्या फुलांनी रंगत नाही, कारण तिथे तेलातलाच रंग लागतो. म्हणून डोरेमॉनची चकती फक्त पांढऱ्या चेहऱ्याची करावी, नाक-डोळ्यांसह, चार सेंटिमीटरची. आणि भोवतालचे निळे कडे म्हणजे खालचे गनाशच दिसू द्यावे. असे केले की कृत्रिम रंग प्रत्येकी एका नाकापुरता उरतो, सासूबाईही राजी होतात.

खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईला, जावे. मंडईच्या आत आणि आसपास बेकिंगच्या साहित्याची दुकाने आहेत. सीएमसी, तेलातले रंग, कंपाउंडच्या लाद्या, बारा खणांचे खोके आणि पेपर कप तिथे एकाच फेरीत मिळतात. पेपर कप घेताना ते तेल न शोषणारे आहेत ना, हे विचारा, नाहीतर चकलीच्या कागदासारखे तेलकट दिसतात. लोकलने परत येणार असाल तर दुपारी बाराच्या आधी निघा. चॉकलेट पिशवीत आणि पिशवी गर्दीत, हा संयोग टाळावा. वाळवलेली गोकर्णाची फुले मात्र त्या दुकानांत न मागता चहाच्या किंवा सुक्या औषधी वनस्पतींच्या दुकानात मागावीत.

क्रमाबद्दल: बेडकाचे डोळे तीन-चार दिवस आधी करून वाळत टाकावेत. चॉकलेटच्या चकत्या दोन दिवस आधी होतात. त्या फ्रिजमध्ये न घालता एसीच्या खोलीतच धरू द्या, कारण फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दव पडले की त्यातली साखर विरघळून पुन्हा जमते आणि चकती पांढुरकी, खरखरीत होते. भरलेला डबा बंद असतानाच एसीबाहेर काढावा आणि तासभर तसाच राहू द्यावा; पाणी धरायचेच असेल तर ते डब्याच्या बाहेरून धरते. कपकेक आदल्या दिवशी संध्याकाळी भाजावेत, त्याच रात्री गनाश करावे. वाढदिवसाच्या दुपारी तीनच्या सुमारास गनाश पसरून लगेच चकत्या टेकवाव्यात, म्हणजे त्या चिकटून बसतात आणि जिन्यावरून नेताना सरकत नाहीत. लाडू आणि फॉन्डंटचे डोळे हॉलमध्ये गेल्यावर. टेबल खिडकीपासून दूर असावे आणि खोक्यांची झाकणे सगळी मुले जमल्यावरच उघडावीत.

जाता जाता, कोणी विचारण्याआधीच सांगते. माझा कपकेकचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी घ्यावीच लागते, आणि विक्रीच्या मालावर एखाद्या कंपनीची पात्रे विनापरवाना वापरणे कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडू शकते. त्यामुळे ऑर्डरचे काम असेल तर मी वाघ, घुबड, बेडूक यांवरच भागवते. आपले काम घरचे आहे, आपण डोरेमॉन खुशाल करावा.

मेणबत्तीसाठी एक वेगळा, थोडा मोठा कपकेक ठेवा. क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा फुंकर मारल्यावर केकच्या आयसिंगवरचे जिवाणू सरासरी चौदा पटींहून अधिक वाढलेले आढळले होते. तो कपकेक फुंकणाऱ्यानेच खावा, बाकीचे तीस खोक्यातून थेट मुलांच्या हातात द्यावेत.